एक्स-रेमधली काळी पट्टी

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये हाडाच्या टोकाजवळ आडवी काळी पट्टी दिसली. ती वाढीची कूर्चा आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. मऊ कूर्चेमुळे कठीण हाड लांब कसे होते आणि ही वाढ थांबते कशी?

उत्तर : ती पट्टी म्हणजे भेग नव्हे, हे आधी सांगतो. कूर्चेत हाडासारखा कॅल्शियमचा साठा नसल्याने क्ष-किरण तिच्यातून सहज पार होतात, म्हणून ती काळी दिसते.

तयार झालेले हाड मधूनच ताणून वाढत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ स्टीफन हेल्स यांनी कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडावर अर्ध्या इंचाच्या अंतराने दोन भोके पाडली होती. दोन महिन्यांत हाड इंचभर वाढले, पण भोकांमधले अंतर अर्धा इंचच राहिले. हा प्रयोग त्यांनी १७२७ साली प्रसिद्ध केला. वाढ होते ती टोकांपाशी, या कूर्चेत.

सूक्ष्मदर्शकाखाली तिथल्या चपट्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात. त्या विभागत राहतात, मग हाडाच्या मधल्या भागाकडच्या पेशी कित्येक पटींनी फुगतात, आणि लांबीत मोठी भर पडते ती या फुगण्यानेच. त्यानंतर भोवतीच्या भागात कॅल्शियम साचते, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि कूर्चेच्या त्या सांगाड्यावर हाड घातले जाते.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते यातले नियंत्रण. फुगण्याच्या बेतात असलेल्या पेशी ‘इंडियन हेजहॉग’ नावाचे प्रथिन सोडतात. त्याच्या संदेशाने हाडाच्या टोकाकडील पेशी ‘पीटीएचआरपी’ हे दुसरे प्रथिन तयार करतात आणि ते चवडीतल्या पेशींना वेळेआधी फुगू देत नाही. चवड लांबत जाऊन जी पेशी या प्रथिनाच्या टप्प्याबाहेर जाते, तीच फुगते. ‘एफजीएफआर-३’ हा ग्राही, म्हणजे पेशीवरचे संदेश टिपणारे प्रथिन, वाढीला लगाम घालतो. त्याच्या जनुकातील एका बदलाने तो लगाम अति आवळला जातो आणि अकॉन्ड्रोप्लेजिया हा ठेंगणेपणा येतो. बहुतेक वेळा हा बदल बाळात नव्यानेच घडलेला असतो. आईवडिलांनी स्वतःला मुळीच दोष देऊ नये.

वाढ थांबवण्यात मुलगे आणि मुली दोघांतही इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा (हार्मोनचा) वाटा मोठा असतो. १९९४ साली नोंदल्या गेलेल्या, इस्ट्रोजेनला प्रतिसाद न देणाऱ्या एका २८ वर्षांच्या पुरुषाची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि त्याच्या हाडांतील कूर्चा अजून मिटलेली नव्हती. तुमच्या मुलीच्या एक्स-रेमधली पट्टी वयात येण्याच्या काळात हळूहळू अरुंद होत जाईल आणि शेवटी तिथे हाडच दिसेल.