लपलेली सेटिंग्ज उघडू का?

प्रश्न : दादा, माझ्याकडे एच४१० मदरबोर्ड, दहाव्या जनरेशनचा आय५ आणि ८ जीबीची ३२०० वाली एक रॅम आहे, पण टास्क मॅनेजरमध्ये स्पीड २६६६ च दिसतो. मित्र म्हणतो मॉडिफाय केलेला बायोस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) टाक, चिपसेटची (बोर्डवरच्या मुख्य कंट्रोल चिपची) लपवलेली सेटिंग्ज उघडतील. टाकू का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : अजिबात नको. रॅम चांगलीच आहे हो, या आय५ ला अधिकृत सपोर्टच २६६६ चा आहे आणि त्यापुढे मेमरी पळवायची मोकळीक इंटेलने तेव्हा झेड४९० चिपसेटच्या बोर्डांनाच ठेवली होती, धंदा आहे त्यांचा, दुसरं काय! रॅमचं चुकीचं टायमिंग (तिच्या वेगाशी जोडलेली सेटिंग) टाकलं तर सीमॉस क्लिअर करून, म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळ स्थितीत आणून, बोर्ड बहुतेक परत उठतो, पण नवा बायोस फ्लॅश करताना, म्हणजे चिपमध्ये लिहिताना, मध्येच लाइट गेली किंवा फाइलच गंडलेली निघाली तर ते क्लिअर करून काही होत नाही, मग चिप प्रोग्रामर (चिपमध्ये थेट बायोस लिहायचं यंत्र) असलेला रिपेअरवाला शोधत फिरा.

त्यापेक्षा तशीच ८ जीबीची दुसरी रॅम रिकाम्या स्लॉटमध्ये लावा. दोन रॅम जोडीने चालल्या की (याला ड्युअल चॅनेल म्हणतात) बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, कागदावर दुप्पट होते, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेममध्ये फरक सरळ दिसतो. विंडोज अजून हार्डडिस्कवर असेल तर मात्र आधी एसएसडी, रॅम नंतर.