वाचकांचे प्रश्न : सार्जंट कार्नीचं निशाण

प्रश्न : अमेरिकी यादवी युद्धातल्या विल्यम कार्नी या कृष्णवर्णीय सार्जंटच्या 'मेडल ऑफ ऑनर'चं साल कुठे १८६३ वाचलं, कुठे १९००. बरोबर कोणतं? आणि झेंडा उचलला एवढ्यावर सर्वोच्च पदक?

उत्तर : दोन्ही सालं बरोबर आहेत. १८ जुलै १८६३ ही पराक्रमाची तारीख, २३ मे १९०० ही पदकाची. त्यामुळे 'पदक मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय' असं सरसकट लिहू नये. कृष्णवर्णीय मानकऱ्यांत त्याचा पराक्रम सर्वांत आधीचा, पण नौदलातल्या रॉबर्ट ब्लेकच्या हाती पदक १८६४ सालीच पडलं होतं.

आता झेंड्याचं. त्या काळच्या दारूचा धूर इतका दाट असे की दहा पावलांपुढचं दिसत नसे, आणि गोळीबारात हुकूम ऐकू येत नसे. शिपाई निशाणाकडे बघून चालत. ते पुढे तर रांग पुढे, ते पडलं की रांग विस्कटली. म्हणूनच शत्रू आधी निशाणधाऱ्याला टिपे. अशा वेळी निशाण हाती घेणं म्हणजे सगळे नेम स्वतःवर ओढून घेणं.

कार्नीचा पराक्रम घडला तो फोर्ट वॅग्नर इथे. दक्षिण कॅरोलिनात चार्ल्सटनजवळ मॉरिस बेटावरचा, दक्षिणेकडच्या बंडखोर सैन्याचा हा वाळूचा किल्ला. दिवसभर तोफा चालूनही तो ढासळला नाही, कारण वाळू गोळे गिळते. शिबंदी भक्कम छताच्या तळघरात सुखरूप होती. संध्याकाळी कार्नीच्या, म्हणजे उत्तरेकडच्या कृष्णवर्णीय शिपायांच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचे सुमारे ६०० शिपाई चाल करून गेले. एका हाताला दलदल, दुसऱ्या हाताला समुद्र, मधली वाट अरुंद, त्यामुळे रांगा एकमेकींवर दाटल्या. ठासणीच्या बंदुका भरलेल्या, संगिनी चढवलेल्या, पण ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवलेली नव्हती. वाटेत थांबून बार काढायचा नाही, हा त्यामागचा हेतू. निशाणधारी पडताच कार्नीने निशाण उचललं, तटाच्या उतारावर नेलं, आणि माघारीत अनेक जखमा झेलत परत आणलं. ते जमिनीला टेकलं नाही, हे त्याने नंतर अभिमानाने सांगितलं. रेजिमेंटचा प्रमुख कर्नल रॉबर्ट शॉ तिथेच मारला गेला. किल्ला त्या दिवशी हाती आला नाही.

उशीर का? लष्करी पदकाचा कायदा जुलै १८६२ चा, पण तेव्हा अर्जाला मुदतच नव्हती. यादवी युद्धातली पुष्कळ पदकं १८९० नंतर दिली गेली. १९१७ साली छाननी होऊन ९११ नावं वगळली गेली, त्यांतली ८६४ मेन राज्याच्या एकट्या २७व्या रेजिमेंटची! कार्नीचं नाव यादीत कायम राहिलं, याचं आम्हाला विशेष मोल वाटतं.

प्रश्न : या रेजिमेंटने पगार नाकारला होता, हे खरं का?

उत्तर : खरं. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि वर कपड्यांचा भत्ता. कृष्णवर्णीयाला १० डॉलर, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून हाती ७. ५४वीने ते घेतलेच नाहीत. मॅसॅच्युसेट्स राज्याने फरक भरून देऊ केला, तोही नाकारला. समान पगाराचा कायदा जून १८६४ चा. जखमांमुळे कार्नी त्याच महिन्यात सेवामुक्त झाला, आणि पुढे न्यू बेडफर्डला बरीच वर्षं त्याने पोस्टमनचं काम केलं.

प्रश्न : अशा शिपायाचे मूळ कागद कसे शोधावेत?

उत्तर : वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात दोन स्वतंत्र फायली मागाव्यात, एक सेवेची, दुसरी निवृत्तिवेतनाची. माहिती जास्त असते ती दुसरीत, कारण अर्जासोबत लग्नाचे दाखले आणि सोबत्यांच्या जबान्या जोडलेल्या असतात. नावाआधी राज्य, रेजिमेंट आणि कंपनी पक्की करा (कार्नीची कंपनी 'सी'). बहुतेक कृष्णवर्णीय पलटणी 'युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स'खाली नोंदल्या आहेत, मात्र ५४वीने राज्याचं नाव शेवटपर्यंत टिकवलं. त्यामुळे शोधताना रेजिमेंटचं नाव '५४वी मॅसॅच्युसेट्स' असंच द्या.