हिमनद्यांनी खरवडलेल्या सरोवरप्रदेशात ओढ्यातील सोन्यावरून मूळ शीर शोधता येते का?

ओढ्याच्या गाळात सोने मिळाले, तर प्रवाहाच्या उलट दिशेने चालत गेल्यावर त्याचा मूळ खडक, म्हणजे ज्या खडकातल्या शिरेत ते सोने होते तो, सापडायला हवा, असा आपला तर्क आहे. जिथे केवळ पाण्यानेच गाळ वाहून आणलेला असतो तिथे तो बरोबर ठरतो. परंतु हिमाच्छादनाखाली गेलेल्या प्रदेशात सोने बर्फानेही हलवलेले असते, आणि जाड हिमथर आजच्या ओढ्यांची वळणे पाळत नाही.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील अ‍ॅटलिन सरोवराचा परिसर मला यासाठी सर्वांत बोलका वाटतो. कॅनडाच्याच युकॉन प्रदेशातील क्लोंडाइककडे सोन्यासाठी लोकांची रीघ लागली असतानाच, १८९८ साली, तिथल्या पाइन क्रीकवर सोने सापडले आणि पुढच्याच वर्षी कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे ग्विलिम पाहणीसाठी तिथे पोहोचले. क्लोंडाइकच्या सुवर्णक्षेत्रावर हिमयुगात बर्फ पसरला नव्हता, त्यामुळे तिथली जुनी वाळू जागच्या जागी राहिली. अ‍ॅटलिन मात्र बर्फाखाली होते, तरीही काही दऱ्यांच्या तळाशी, हिमनदीने टाकलेल्या करड्या मातीगोट्यांच्या थराखाली, लोह गंजून पिवळसर झालेली जुनी वाळू टिकून राहिली. सोने मुख्यतः तिच्यातच होते. म्हणून अशा ठिकाणी मी नकाशाच्या आधी ओढ्याचा काठ उभा कापला जाऊन हे थर कुठे दिसतात, ते पाहीन.

मूळ खडकाचा माग काढण्यासाठी बर्फाची दिशा ठरवावी लागते. उघड्या खडकावरील समांतर ओरखडे फक्त रेषा सांगतात. बर्फ तिच्या कोणत्या टोकाकडून आला, हे खडकाच्या उंचवट्याची गुळगुळीत बाजू सांगते. त्यानंतर हिमनदीच्या मातीचे नमुने धुऊन सोन्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात: कोपरे शाबूत असलेले कण बहुधा जवळच्या शिरेतून सुटलेले असतात, तर दुमडलेले, गोलसर कण लांबचा प्रवास सुचवतात. सरोवराच्या तळाचा गाळ विस्तृत पाहणीला उपयोगी पडतो. मात्र जिथे हिमनदीचे दुधाळ पाणी येऊन मिळते, तिथे दळलेल्या खडकाच्या पिठाने सोन्याची खूण फिकी पडते.

अ‍ॅटलिनमध्ये आणखी एक सोय आहे. सागरतळाच्या जुन्या, सर्पेंटाइन नावाच्या हिरवट खडकांत कार्बन डायऑक्साइडयुक्त उष्ण द्रव शिरल्याने त्यांचे कार्बोनेट व क्वार्ट्झ झाले. हे पट्टे उघडे पडल्यावर नारिंगी गंजतात, त्यांत क्रोमियममुळे हिरवा झालेला अभ्रक चमकतो, आणि सुवर्णशिरा शोधताना पहिला हातोडा तिथेच मारतात.