शेजारच्या फादरांकडे आधी चहाला जा

पहिल्यांदाच धर्मग्राम (एका चर्चच्या हद्दीतला परिसर) सांभाळायला मिळालंय, तर पहिल्या आठवड्यातच शेजारच्या दोन-तीन फादरांकडे जाऊन ये. काम काढून नको, उगाच जा. पुढे रात्री अकराला मरणासन्न माणसाच्या घरून फोन येतो आणि तू नेमका बाहेरगावी असतोस. तेव्हा हीच ओळख कामाला येते.

रविवारच्या मिस्सांच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळा एकत्र बसून ठरवा. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे (कलम ९०५), एरवी एका धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा करायची. धर्मगुरू कमी असतील तर बिशपांच्या परवानगीने दोन, रविवारी आणि बंधनकारक सणांना गरज पडल्यास तीन. चौथी ओढायला जाऊ नकोस, शेजाऱ्याला हाक मार.

लग्नाच्या बाबतीत मात्र भिडेला पडू नकोस. तुझा अधिकार तुझ्या हद्दीपुरता. शेजारच्या चर्चमध्ये लग्न लावायचं तर तिथल्या प्रमुख धर्मगुरूंकडून स्पष्ट अधिकार घे, लेखी घेतलेला बरा. नाहीतर लग्नच अवैध ठरायचं. मी एकदा नुसत्या ‘या की’वर गेलो होतो. झगा चढवताना आठवलं, एक बाही तशीच लोंबत ठेवून त्यांना शोधत धावलो!

आणि आजारी पडलास तर लपवू नकोस, डीनना, म्हणजे आसपासच्या धर्मग्रामांवर देखरेख करणाऱ्या धर्मगुरूंना, कळव. आजारी धर्मगुरूची सोय पाहणं हे त्यांचं कामच आहे, कलम ५५५.