‘ऑगस्टा’ला सम्राज्ञी म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : ‘रोमन सम्राटांच्या घरातल्या, छळ झालेल्या स्त्रिया आणि नाण्यांवरच्या त्यांच्या छबी यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. नीरोची पहिली बायको ऑक्टेव्हिया हिच्या नाण्याखाली मी “दुर्दैवी सम्राज्ञी ऑक्टेव्हिया” असं लिहिलं. मुद्रितशोधकांनी त्याचं “साम्राज्ञी” केलं आणि संपादक म्हणतात “महाराणी” ठेवा. बरोबर कोणतं? आणि या नाण्यांवर येणारा “ऑगस्टा” हा शब्द म्हणजे सम्राज्ञीच ना?’

मुद्रितशोधकांचं आधी उरकून टाकू. शुद्ध रूप ‘सम्राज्ञी’. ‘साम्राज्य’मध्ये ‘सा’ येतो तो भाववाचक नाम होताना. सम्राट आणि सम्राज्ञी या माणसांना तो लागत नाही. पण ‘साम्राज्य’ कानात इतकं पक्कं बसलंय की ‘साम्राज्ञी’ चांगल्या चांगल्या छापील मजकुरातही दिसतं.

शब्द आहे फार जुना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात नवऱ्या मुलीला आशीर्वाद आहे : सासऱ्यावर सम्राज्ञी हो, सासूवर हो, नणंदेवर हो, दिरांवर हो. म्हणजे तिथे सम्राज्ञी ही राज्याची नाही, सासरची आहे. हा आशीर्वाद किती जणींना फळला ते घरोघरी विचारून पाहावं. ऑक्टेव्हियाला तर मुळीच नाही. तिची आई मेसालिना, तिला इ.स. 48 मध्ये ठार केलं. मग बाप, सम्राट क्लॉडियस, याने धाकट्या आग्रिपिनाशी लग्न केलं आणि तिच्या पहिल्या घरच्या मुलाला, नीरोला, दत्तक घेतलं. त्याच नीरोशी 53 मध्ये ऑक्टेव्हियाचं लग्न लागलं. सासू ती सावत्र आई, नवरा तो दत्तक भाऊ. भावाबहिणीचं लग्न कायद्यात बसेना, म्हणून आधी तिला कागदोपत्री दुसऱ्या घरी दत्तक दिलं!

आता खरा प्रश्न, ऑगस्टा. ‘ऑगस्टस’ ही पदवी रोमच्या सिनेटने ऑक्टेव्हियनला, म्हणजे पहिल्या सम्राटाला, इ.स.पू. 27 मध्ये दिली. अर्थ ‘पूज्य’, ‘आदरणीय’ असा काहीतरी. पुढे ते सम्राटांचं बिरुदच झालं. ऑगस्टा हे त्याचं स्त्रीलिंगी रूप, म्हणून सम्राट-सम्राज्ञी अशी जोडी आपण सहज लावून टाकतो. इथेच पाय घसरतो. सम्राटाशी लग्न झालं की बाई आपोआप ऑगस्टा होत नसे. ही पदवी द्यावी लागे, आणि ती नाकारताही येई. त्या पहिल्या ऑगस्टसची बायको लिव्हिया, तिला ती मिळाली इ.स. 14 मध्ये, नवरा वारल्यावर, त्याच्याच मृत्युपत्रातून. मेसालिनाला मुलगा झाला तेव्हा सिनेट द्यायला तयार होती, क्लॉडियसने नको म्हटलं. धाकटी आग्रिपिना 50 मध्ये ऑगस्टा झाली, नवरा हयात आणि गादीवर असताना. सम्राट ट्राजनची बहीण मार्सियाना हीसुद्धा ऑगस्टा, आणि तिचा नवरा कधीच सम्राट नव्हता. एवढंच कशाला, नीरोची तान्ही मुलगी क्लॉडिया 63 मध्ये जन्मली, ऑगस्टा झाली आणि चार महिन्यांच्या आत गेलीही. तिला सम्राज्ञी म्हणणार का?

आपल्या ‘सौ.’शीही याचं जमत नाही. ‘सौ.’ नवऱ्याच्या असण्यावर टिकतं, ऑगस्टा विधवेलाही असे, बहिणीला आणि लेकीलाही. त्यामुळे माझं मत, ऑगस्टा भाषांतरित करूच नये. पेशवा, छत्रपती, निजाम आपण जसेच्या तसे ठेवतो, तसं ‘ऑगस्टा’ ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ सांगून मोकळ्या व्हा. ‘महाराणी’ तर अजिबात नको. त्या शब्दामागे आपल्याला व्हिक्टोरिया दिसते, राणीछाप रुपयावरची. ती स्वतः गादीवर बसलेली होती. रोमच्या या बायकांपैकी एकही तशी नव्हती.

पण हे सगळं सांगून झाल्यावरही तुमच्या चित्राचा प्रश्न उरतोच, कारण ऑक्टेव्हिया ऑगस्टाही नव्हती. आणि हे तिचं नाणंच सांगतं. तिची छबी असलेली नाणी रोमच्या टांकसाळीत नाही पडली, ती पूर्वेकडच्या प्रांतांतली. त्यांतलं अलेक्झांड्रियाचं नाणं घ्या. एका बाजूला नीरो, दुसऱ्या बाजूला ती. अक्षरं ग्रीक. ग्रीकमध्ये ऑगस्टसला म्हणत ‘सेबास्तोस’. तिच्या छबीभोवती लिहिलंय ‘ओक्ताविया सेबास्तू’. काही वर्षांनी त्याच शहरात नीरोच्या दुसऱ्या बायकोचं, पॉपियाचं नाणं निघालं. त्यावर आहे ‘पोपाया सेबास्ते’.

सेबास्तू आणि सेबास्ते. फरक शेवटच्या स्वराचा, पण तिथे अख्खा संसार आहे. ‘सेबास्ते’ हे स्त्रीलिंगी, प्रथमेचं रूप : ऑगस्टा, ती स्वतः. ‘सेबास्तू’ ही पुल्लिंगी षष्ठी : ऑगस्टसची. ऑगस्टसची कोण, तेही लिहिलेलं नाही. बायको हा शब्दच गाळलाय. आपल्या गावाकडे ‘ती पाटलाची’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही, तसंच.

मराठीत हा भेद आपण पुष्कळदा बुजवून टाकतो. ‘डॉक्टरीणबाई’ म्हणजे स्वतः डॉक्टर असलेली बाई की डॉक्टरांची बायको? दोन्ही. ‘मास्तरीणबाई’चंही तेच. एकच ‘-ईण’ प्रत्यय पदाचं स्त्रीलिंगही करतो आणि नवऱ्यामुळे आलेला मानही दाखवतो. तुम्ही ‘सम्राज्ञी ऑक्टेव्हिया’ लिहिता तेव्हा हेच होतं. सेबास्तूची सेबास्ते होते. नीरोने जे तिला दिलं नाही ते आपण मथळ्यात देऊन बसतो.

तिला काय दिलं ते थोडक्यात. 55 मध्ये भाऊ ब्रिटानिकस भर जेवणात तिच्यासमोर कोसळला. विष घातलं होतं असं प्राचीन इतिहासकार सांगतात. 62 मध्ये नीरोने ती वांझ आहे म्हणून काडीमोड घेतला आणि, स्वेटोनियसच्या मते, बाराव्या दिवशी पॉपियाशी लग्न केलं. टॅसिटसने यातला एक प्रसंग दिलाय तो नाण्यांवरच्या लेखात हवाच : ऑक्टेव्हियाला परत आणलं अशी आवई उठली, तेव्हा लोकांनी पॉपियाचे पुतळे उलथवले आणि ऑक्टेव्हियाच्या प्रतिमा खांद्यावर घेऊन, फुलं उधळत चौकात नेल्या. त्या गर्दीनेच तिचा घात केला. व्यभिचाराचा बनाव रचून तिला पांडातारिया बेटावर धाडलं आणि तिथे मारलं. वय विशी-बाविशीचं. मुंडकं पॉपियाला दाखवायला रोमला नेलं.

म्हणून तुमच्या मथळ्यातला ‘दुर्दैवी’ मला ‘सम्राज्ञी’पेक्षाही जास्त खटकतो. दरड कोसळून गेलेला माणूस दुर्दैवी. इथे दैवाचा काय संबंध? नवऱ्याने टाकलं, हद्दपार केलं, मारलं. ‘टाकलेली’ हा आपला शब्द कानाला खरखरीत लागतो, पण त्यात टाकणारा कुठेतरी उभा असतो. ‘दुर्दैवी’, ‘अभागी’, ‘शोकांत नायिका’ यांत तो गायब होतो.

विभक्तीचा विषय निघालाच आहे तर आग्रिपिनाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. 54 मध्ये नीरो गादीवर आला तेव्हाच्या सोन्याचांदीच्या नाण्यांवर दर्शनी बाजूला मायलेक समोरासमोर आहेत. भोवती नाव मात्र आईचं, प्रथमेत : ‘आग्रिपिना ऑगस्टा, दिव्य क्लॉडियसची, नीरो सीझरची आई’. (इथेही ‘क्लॉडियसची’ म्हटलंय, ‘बायको’ गाळलंय.) मुलाचं नाव मागच्या बाजूला आणि तेही चतुर्थीत, ‘नेरोनी’, म्हणजे नीरोला, नीरोप्रीत्यर्थ. 55 च्या नाण्यावर पारडं फिरलं. आता नीरो दर्शनी बाजूला, प्रथमेत, आणि आईचा चेहरा त्याच्या चेहऱ्यामागून डोकावणारा. तिचं नाव मागच्या बाजूला गेलं. पुढे रोमच्या नाण्यांवरून ती दिसेनाशीच झाली आणि 59 मध्ये मुलाने तिला मारवलं. इतिहासकारांनी त्या घरातल्या ओढाताणीवर पानंच्या पानं लिहिलीत. टांकसाळीने एक विभक्ती बदलली.

तिची आई, थोरली आग्रिपिना, हिची गोष्ट उलटी. सम्राट टायबेरियसने तिला 29 मध्ये त्याच पांडातारियावर धाडलं. हे बेट जेमतेम तीन किलोमीटर लांबीचं, आज त्याला व्हेंटोटेने म्हणतात. ऑगस्टसने स्वतःची मुलगी जूलिया हिलाही इ.स.पू. 2 मध्ये तिथेच ठेवलं होतं. त्या घराण्यातल्या बायकांचं ते काळं पाणीच म्हणा. थोरली आग्रिपिना 33 मध्ये उपासमारीने मेली. मुलगा कालिगुला सम्राट झाल्यावर आईच्या अस्थी घेऊन आला आणि तिच्या नावाचं मोठं पितळी नाणं काढलं. दर्शनी बाजूला तिची छबी आणि लेख : ‘आग्रिपिना, मार्कसची मुलगी, गायस सीझर ऑगस्टसची आई’. (गायस म्हणजे कालिगुलाच.) मागे सजवलेला रथ आणि ‘मेमोरियाय आग्रिपिनाय’, आग्रिपिनाच्या स्मृतीस. बाप आहे, मुलगा आहे, नवरा जर्मानिकस नाही. आपल्याकडे नाव-नवरा-आडनाव हा साचा इतका अंगवळणी पडलाय की हे वाचताना नवऱ्याची जागा मोकळी वाटते. आणि त्याच कालिगुलाने आपल्या तीन बहिणींना नावानिशी एका नाण्यावर आणलं, आग्रिपिना, द्रुसिला, जूलिया. 39 मध्ये त्यांतल्या जिवंत असलेल्या दोघींना बेटांवर पाठवलं.

वर ‘आग्रिपिनाय’ आलं. लॅटिनमध्ये या ‘-आय’ प्रत्ययाची गंमत अशी की तो षष्ठीचाही आहे आणि चतुर्थीचाही. सम्राट काराकालाच्या बायकोच्या सुरुवातीच्या नाण्यांवर ‘प्लाउतिलाय आउगुस्ताय’ आहे. ऑगस्टा प्लॉटिलाचं, की ऑगस्टा प्लॉटिलेस? दोन्ही वाचता येतं. हा गोंधळ आपल्याला परका नाही. प्राकृतात चतुर्थी जवळजवळ संपली आणि तिचं काम षष्ठीने उचललं. सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यावर ‘रञो गोतमिपुतस सिरि यञ सातकणिस’ असतं, ते राजा गोतमीपुत्र श्री यज्ञ सातकर्णीचं, पण आजच्या मराठी कानाला तो ‘स’ ‘राजास’मधला वाटतो. (आणि तिथे राजा आईच्या नावाने ओळखला जातो, हेही बघा.)

या प्लॉटिलाचं लग्न 202 मध्ये झालं. ती खरोखर ऑगस्टा. नाण्यांवर नवराबायकोचे हातात हात, आणि लेख ‘कोंकोर्दियाय एतेर्नाय’, चिरंतन सलोख्याला. इतिहासकार हेरोडियन सांगतो की काराकाला तिच्याशी एका पंगतीला बसत नसे की एका शेजेवर झोपत नसे. दुसऱ्या एका नाण्यावर तसेच हातात हात आणि शब्द ‘प्रोपागो इम्पेरी’. याचं भाषांतर ‘साम्राज्याचा विस्तार’ असं कराल तर फसाल. ‘प्रोपागो’ हा माळ्याचा शब्द. द्राक्षाची फांदी वाकवून मातीत दाबतात आणि तिला मुळं फुटू देतात, ते दाबकलम. म्हणजे अपेक्षा वारसाची आहे. मराठीत याला एक शब्द तयारच आहे आणि तोही वेलीचाच : ‘वंशवेल’. साम्राज्याची वंशवेल. इतकं चपखल भाषांतर नशिबाने मिळतं. 205 मध्ये तिच्या बापाला ठार केलं, तिला लिपारी बेटावर पाठवलं आणि काराकाला एकटा सत्तेवर आल्यावर तिलाही मारलं. रोममधल्या सराफांच्या कमानीवरून तिची आकृती छिन्नीने काढून टाकली, ती मोकळी जागा आजही दिसते. नाणी मात्र हजारो हातांत गेलेली, ती कोण खरवडत बसणार? म्हणून आज तिचा चेहरा आपल्याला दिसतो, सलोख्याच्या लेखासकट.

तर तुमचे मथळे. प्लॉटिलासाठी ‘ऑगस्टा प्लॉटिला’, धाकट्या आग्रिपिनासाठी ‘ऑगस्टा आग्रिपिना’. थोरलीला ऑगस्टा लावू नका. ऑक्टेव्हियासाठी ‘नीरोने टाकलेली आणि मारलेली पत्नी ऑक्टेव्हिया’. जागा कमी असेल तर नुसतं ‘नीरोची पत्नी ऑक्टेव्हिया’, म्हणजे ‘सेबास्तू’च्या अगदी जवळ.

आणि छापायला देण्याआधी चित्र भिंगाखाली धरून एकदा तपासा, कारण नीरोच्या या दोन बायकांच्या अलेक्झांड्रियाच्या नाण्यांची चित्रं सहज अदलाबदल होण्यासारखी आहेत. केशरचनेवर जाऊ नका, लेखाचा शेवट बघा. शेवटी एक गोल आणि त्याला लागून इंग्रजी वायसारखं अक्षर असेल तर ते ‘सेबास्तू’, बाई ऑक्टेव्हिया. शेवटचं अक्षर इंग्रजी एचसारखं असेल तर ते ‘सेबास्ते’. मग मथळा नाही, चित्रच बदलावं लागेल. ती पॉपिया आहे.