वाचकांचे प्रश्न : घरात बसून फोटोग्राफी

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. सध्या घराबाहेर पडता येत नाही. घरात काढलेले फोटो सपाट, पिवळट आणि धूसर येतात. नवे दिवे न घेता काही करता येईल का?

खोलीतले सगळे दिवे बंद करा आणि एकाच खिडकीच्या उजेडावर काम करा. पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे प्रकाशाचा रंग मोजण्याचं एकक) असतो, दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास किंवा त्याहून वर. दोन्ही एकाच फोटोत आले की व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळवणी) कोणत्या तरी एकालाच जुळतो आणि दुसरा पिवळा नाही तर निळा उमटतो. हा दोष नंतर एडिटिंगमध्येही नीट निघत नाही.

खिडकी तुमच्या पाठीशी असेल, तर उजेड वस्तूवर समोरून पडतो, सावल्या वस्तूच्या मागे लपतात आणि फोटो सपाट दिसतो. खिडकी एका बाजूला घ्या. वस्तू खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवा आणि पलीकडच्या बाजूला पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोल उभा करा, म्हणजे सावलीतले बारकावे दिसू लागतील. पांढऱ्याऐवजी काळा कागद लावला तर सावली आणखी गडद होते. माणसांच्या चेहऱ्यांसाठी आम्हाला काळा कागदच जास्त आवडतो. थेट ऊन येत असेल तर खिडकीला ट्रेसिंग पेपर चिकटवा. मागची भिंत खिडकीपासून जितकी लांब, तितकी फोटोत काळी पडते. वेगळा पडदा लावावा लागत नाही.

धूसरपणाचं मूळ बहुतेक वेळा कमी उजेडात असतं. शटर जास्त वेळ उघडं राहतं, हात हलतो, वर फोनचं सॉफ्टवेअर दाणे (कमी उजेडात फोटोत येणारे बारीक ठिपके) पुसताना बारीक पोतही पुसून टाकतं. फोन पुस्तकांना टेकवून ३ सेकंदांचा टायमर लावा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस लॉक करा आणि एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं खाली ओढा. त्याआधी लेन्स मऊ कापडाने पुसा, कारण बोटांच्या तेलकट डागानेही फोटो पांढुरका होतो.

प्रश्न : साध्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये इंद्रधनुष्यासारखे रंग दिसणारे फोटो पाहिले. ते घरी काढता येतात का?

येतात, आणि घरात करण्यासारख्या प्रयोगांमध्ये आम्ही याला पहिला क्रमांक देऊ. एलसीडी स्क्रीनचा लॅपटॉप आणि एक सर्क्युलर पोलरायझिंग फिल्टर (लेन्सपुढे लावायची, ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच आत सोडणारी काच) एवढं पुरतं. एलसीडीतून बाहेर पडणारा प्रकाश आधीच ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा असतो. वितळलेलं प्लास्टिक साच्यात थंड होताना त्यात ताण अडकून राहतो. अशा प्लास्टिकमधून जाताना ध्रुवित प्रकाशाचे दोन भाग वेगवेगळ्या वेगाने पुढे सरकतात आणि फिल्टरमधून पाहिल्यावर तो फरक रंगांच्या रूपात दिसतो.

स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडून ब्राइटनेस पूर्ण वाढवा. खोलीत अंधार करा आणि व्हाइट बॅलन्स त्या पांढऱ्यावरच पक्का करा. मग लेन्सपुढे फिल्टर धरून तो हळूहळू फिरवा. एका जागी स्क्रीन जवळजवळ काळी होईल. आता स्क्रीन आणि फिल्टर यांच्या मध्ये पारदर्शक पट्टी, कोनमापक, सीडीची डबी किंवा प्लास्टिकचा चमचा धरला की रंग उमटतील. काचेवर पारदर्शक चिकटपट्टीचे तुकडे वेगवेगळ्या कोनांत एकावर एक लावले, तर दर थराला रंग बदलतो. चित्रासारखी रचना हवी असेल तर हीच पद्धत उत्तम.

अडतं ते काही ठरावीक जागी. स्क्रीन काळी होतच नसेल तर फिल्टर उलटा धरलेला असतो. फिल्टर लेन्सवर बसवायच्या आट्यांची बाजू कॅमेऱ्याकडे हवी. मोबाइलपुढे हाताने धरताना ही चूक फार होते. उजेड मऊ करायला स्क्रीनपुढे कागद लावलात तर प्रकाशाचं ध्रुवण मोडतं आणि रंग नाहीसे होतात. वस्तू स्क्रीनला चिकटून असली तर पिक्सेलची जाळी दिसते, म्हणून मध्ये १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवा. पार्श्वभूमी काळी असल्यामुळे कॅमेरा स्वतःहून फोटो जास्त उजळ करतो आणि रंग फिके पडतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करण्याची सोय) उणे १ करा. अशा उजेडात धूळ आणि ओरखडेही लख्ख दिसतात, तेव्हा प्लास्टिक आधी धुऊन घ्या.

प्रश्न : आख्खी खोलीच कॅमेरा करायची म्हणजे काय?

खोली पूर्ण अंधारी करून खिडकीत एकच लहान भोक ठेवायचं. बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं : वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. खिडकी काळ्या प्लास्टिकने किंवा पुठ्ठ्याने झाका, फटींवर चिकटपट्टी लावा आणि १० ते १५ मिलिमीटरचं गोल भोक पाडा. भोक लहान केलं तर चित्र रेखीव पण अंधूक येतं, मोठं केलं तर उजळ पण पुसट.

बाहेर कडक ऊन हवं आणि तेही समोरच्या दृश्यावर पडणारं. ढगाळ दिवशी निराशाच होते. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं द्या. भिंत पांढरी आणि भोकापासून साधारण ३ मीटर अंतरावर असेल, तर ट्रायपॉडवरून आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, एफ/४ (लेन्सचं तोंड किती उघडं ते) आणि शटर १५ ते ३० सेकंद इथून सुरुवात करा. अंधारात ऑटोफोकस भरकटतो, तेव्हा भिंतीवर टॉर्च मारून फोकस करा आणि मग तो मॅन्युअलवर टाका.

घरात अधिक १ नंबरचा जुना वाचायचा चष्मा असेल तर त्याची एक काच भोकावर बसवा. तिचं फोकल अंतर १ मीटर असतं, त्यामुळे चित्र भिंतीवर न घेता भोकापासून १ मीटरवर धरलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर घ्या. ते बरंच रेखीव दिसतं.

प्रश्न : एलईडी दिव्याखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात. कॅमेरा बिघडलाय का?

बहुधा नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि सेन्सर फोटो ओळीओळीने टिपतो, म्हणून दिवा मंद असताना टिपलेल्या ओळी काळ्या दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. दिवा डिमरवर असेल तर तो पूर्ण उजेडावर करून पाहा, कारण काही डिमर स्वतःची वेगळी लुकलुक त्यात घालतात.