लोकेशनवर लाईट नसेल तर कॅमेऱ्याच्या व्ही-माउंट बॅटरीवर लॅपटॉप चालतो का?

भूम-परांड्याकडे दोन दिवस शेतात शूट आहे, लाईटचा भरवसा नाही, मेमरी कार्डं तिथंच लॅपटॉपवर कॉपी करायची आहेत, असं तुम्ही लिहिलंय. चालतो, बिनधास्त न्या. मी धाराशिव-लातूर पट्ट्यात शूट करतो आणि माझी कॉपी बहुतेक वेळा याच, कॅमेऱ्याच्या मागे अडकवायच्या मोठ्या बॅटऱ्यांवर होते.

आधी बॅटरीवर यूएसबी-सी पोर्ट आहे का बघा, आणि त्याच्याशेजारी छापलेला आकडा वाचा. २० व्होल्टला ६५ वॅट देत असेल आणि लॅपटॉपही सी-पोर्टवरून चार्ज होत असेल, तर वेगळं काहीच लागत नाही. किती व्होल्ट हवेत ते दोघं आपसात ठरवतात. केबल मात्र ५ अँपिअरची घ्या. साधी केबल ३ अँपिअरची, म्हणजे ६० वॅटच्या वर जात नाही.

बॅटरीला फक्त डी-टॅप, म्हणजे दोन पिनांचं पॉवर सॉकेट, असेल तर तिथून थेट लॅपटॉपला वायर जोडू नका. डी-टॅपवर बॅटरीचा व्होल्टेज जसाच्या तसा येतो: फुल असताना १६.८, उतरता उतरता १२ च्या आसपास. लॅपटॉपला १९-२० लागतात. म्हणून मध्ये व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर हवा. शिवाय डी-टॅपची पिन जोर लावला की उलटीही बसते. आमच्या एका पोरानं अंधारात तशीच दाबून बसवली. चटकन ठिणगी, जळका वास, आणि कन्व्हर्टर गेला. लॅपटॉप वाचला हे नशीब. तेव्हापासून पिन आणि सॉकेट दोन्हींच्या एकाच बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय.

गाडीतल्यासारखा इन्व्हर्टर लावायचा विचार असेल तर सोडून द्या. बॅटरीचे २३० व्होल्ट करायचे आणि अडॅप्टरनं ते परत १९ वर आणायचे, यात दोनदा पॉवर वाया जाते.

आता हिशोब. ९८ वॅट-अवरच्या बॅटरीतून लॅपटॉपपर्यंत साधारण ८५ पोचतात. नुसती कॉपी, स्क्रीन मंद, वायफाय बंद असेल तर माझा लॅपटॉप एसएसडीसकट (कॉपी ठेवायची बाहेरची ड्राइव्ह) २५ वॅटच्या आत राहतो, म्हणजे सव्वातीन-साडेतीन तास. तिथंच एडिट करत बसलात आणि ६० वॅट ओढले, तर दीड तासही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: लॅपटॉप घरूनच १०० टक्के करून न्या. रिकामा लॅपटॉप जोडला की तो आधी स्वतःचं पोट भरतो आणि कॅमेऱ्याची अख्खी बॅटरी त्यातच संपते. लॅपटॉप भरलेला असला की व्ही-माउंट बदलतानाही कॉपी तुटत नाही. अर्धवट कॉपी झालेल्या कार्डाची धास्ती काय असते ते तुम्हाला सांगायला नको.

उन्हाचंही बघा. मे महिन्यात नळदुर्गच्या किल्ल्यात बॅटरी दगडावर ठेवली होती. अर्ध्या तासात हात लावता येईना, आणि लॅपटॉपवर चार्जिंगची खूण लागायची, जायची. उपळी बुरुजाच्या सावलीत नेऊन दहा मिनिटं निवू दिली, मग सुरळीत. ओलं फडकं गुंडाळू नका, नुसती सावली आणि वारा पुरतो. डॅशबोर्डवर तर चुकूनही ठेवू नका.

जायच्या आदल्या रात्री घरीच मोठं कार्ड कॉपी करून बघा, तासाभरात बॅटरी किती उतरते ते लिहून ठेवा आणि त्यावर किती बॅटऱ्या न्यायच्या ते ठरवा. कॅमेऱ्याच्या वेगळ्या मोजा.